पाच सेकंद

ग्रबच्या फाइलीत एक ओळ असते:
टाइमआउट, बरोबर, पाच.
मशीन जागं होतं, अजून स्वतःचं नावही आठवलेलं नसतं त्याला,
आणि काळ्या पडद्यावर एवढीशी पाटी येऊन थांबते.
कोणता कर्नल? आजचा, की कालचा?
पाच, चार, तीन...
कुणी बाण दाबेल म्हणून.

पाटोच्या ऑफिसात, चौथ्या मजल्यावर,
मी त्या पाचाचं शून्य केलं.
क्लाउडमध्ये पडद्यासमोर कुणी नसतं. पडदाच नसतो.
रात्री दोनला स्क्रिप्ट उठते, डिस्क पुसते,
लिनक्स ओतते, बूटलोडर बसवते, झाकण लावते,
आणि उजाडेपर्यंत त्या एका साच्यातून
चाळीस मशिनं निघतात, हाताचा ठसा नसलेली.
चाळीस पंचे दोनशे.
दोनशे सेकंद कुणाचीच वाट न पाहता वाचले.
आग्नेलने रिव्ह्यूत अंगठा दिला.
मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

रायबंदरच्या धक्क्यावर शाबी खलाशी
रॅम्पची साखळी धरून उभा असतो.
फेरीबोट भरलेली, इंजिन घरघरतंय,
स्कुटरी, रिकाम्या मासळीच्या टोपल्या, एक फ्रीज, त्याला धरून बसलेला नवरा,
सगळे शाबीकडे बघतात
आणि शाबी बघतो रस्त्याकडे,
वळणावर एखादा दिवा हलतोय का.
किती वेळ? एकदा मी मनात मोजलं होतं.
पाचाच्या आसपास.
कधी येतो कुणी धापा टाकत, हेल्मेट कोपरात.
बहुधा नाही येत.
मग साखळी खडखडते, चोडण जवळ यायला लागतं.

मंगळवारी चाळीसच्या चाळीस आडवी.
चूक माझी. डिस्कला मी नावाने हाक मारली होती, एसडीए,
आणि तिथे पोचल्यावर तिचं व्हीडीए झालेलं.
सासरी नाव बदललेल्या मुलीला
माहेरच्या नावाने बोलवावं, तशातली गत.
(आई मात्र अजून वळते,
मयेच्या जत्रेत कुणी शेवंती म्हणालं की.
घरी ती सुलक्षणा.)
लिहायची असते जन्मखूण,
ती छत्तीस अक्षरांची यूयूआयडी,
जी कुठल्याही गावात तीच राहते.
मला पाठ असलेला नियम. दुसऱ्यांना शिकवलेला.

सिरियल कन्सोल उघडला.
रूट सापडत नाही, रूट सापडत नाही,
मग रीबूट, मग तेच.
मधे कुठेतरी दार उघडत असणार.
मी एस्केप दाबत राहिले, बोट दुखेपर्यंत,
पण शून्य म्हणजे शून्य.
उंबरा होता, उंबऱ्यावर थांबायला जागा नव्हती,
आणि ती मीच काढून टाकलेली.

पाटोवरून पळत सुटले तेव्हा बस गेली होती.
पायलटवाल्याला म्हटलं, जोरात.
धक्क्यावर पोचले तर मधे तीन हात पाणी,
पाण्यात फेरीचा पिवळा दिवा लांब लांब होत गेलेला.
शाबीने साखळीवरचा हात वर केला:
"रावलों गो! खूप रावलों!"
राहिला असेल. तो खोटं बोलत नाही.
माझंच सहा झालं.

पुढची फेरी अर्ध्या तासाने.
पायऱ्यांवर बसून मांडीवर लॅपटॉप उघडला.
खारफुटीकडून चिखलाचा वास, मच्छर,
फोनचं हॉटस्पॉट येतंय जातंय.
रूटसमोर छत्तीस अक्षरं, एकेक तपासून.
कन्सोल, तारेवर.
टाइमआउट, बरोबर,
इथे कर्सर बराच वेळ लुकलुकत राहिला,
एक.

आग्नेलचा मेसेज लगेच:
शून्य चाललं असतं ना गे? एक कशाला?
डीबगिंगसाठी, मी लिहिलं.
ते खरंही होतं.
पलीकडे फेरी वळत होती. बिल्ड सुरू झाला.